यंत्र एकदाच विकता येतं

बारकीला बिझनेस स्कूलला जायचं होतं, आणि तेही लवकर. लवकर म्हणजे नोकरीला जेमतेम अडीच वर्षं झाली असताना. हे खूळ तिच्या डोक्यात भरवलं भाऊजींनी. भाऊजी म्हणजे ताईचा नवरा. ते स्वतः तसल्याच एका शाळेतून शिकून आले होते आणि तेव्हापासून घरात पाणी मागायचं झालं तरी तीन मुद्द्यांत मागत. त्यांचं म्हणणं असं, की पाच-सात वर्षं एकाच खुर्चीत झिजलेल्या माणसाला ह्या शाळा फारसं विचारत नाहीत. त्यांना हवी असतात कोवळी, चुणचुणीत पोरं. सांगण्यासारखं अजून काही घडलेलं नसलं तरी चालेल, सांगायची हौस दांडगी हवी. बारकी ह्या वर्णनात फिट्ट बसत होती.

बारकी हे तिचं घरातलं नाव. एकदा आईनं ऑफिसात फोन करून "बारकीला द्या हो जरा" म्हटलं, आणि त्या दिवसापासून तिथंही ते चिकटलं ते चिकटलंच.

तिचं ऑफिस छोट्या कारखान्यांना कर्ज देणारं. तिच्या विभागात माणसं सहा. कारखानदार कर्ज मागायला आला की त्याचे मागच्या तीन वर्षांचे आकडे घ्यायचे, ते पिंजून काढायचे, पुढं धंदा कसा चालेल ह्याचा अंदाज मांडायचा आणि सगळ्याचं एक टिपण करून समितीपुढे पाठवायचं. समिती ते वाचून हो किंवा नाही म्हणणार. पण समितीकडे जाण्याआधी प्रत्येक टिपण एका टेबलावरून जात असे, आणि ते टेबल मास्तरांचं.

मास्तर खरोखरीचे मास्तर होते. आधी एका शाळेत अंकगणित शिकवत. पोरं कमी झाली, शाळा मिटली, आणि मास्तर ह्या ऑफिसात आले ते खडूच्या जागी हिरवी पेन्सिल घेऊन. त्यांची पद्धत अशी, की टिपणातलं प्रत्येक वाक्य वाचायचं, शेजारी त्याचा मूळ कागद ठेवायचा आणि ताळा जुळला की बरोबरची खूण करायची. चुकलं असेल तिथं गोल. आणि ज्याला कागदच नाही, तिथं खूणही नाही आणि गोलही नाही, ओळ नुसती कोरी. "ज्याला कागद नाही त्याला माझी खूण नाही," असं ते म्हणत. विभागातल्या लोकांना गोल परवडायचा, पण कोरी ओळ दिसली की कागद शोधायला पळापळ व्हायची.

ह्या पेन्सिलीचा सगळ्यात जास्त फायदा कुणाला झाला असेल तर साहेबांना. मास्तरांच्या टेबलावरून आलेल्या कागदावर डोळे मिटून सही करावी, असं ते सगळ्यांना सांगत आणि स्वतः तसंच करत. इतकी वर्षं डोळे मिटून सह्या केल्यावर माणसाला डोळे उघडायची सवय राहत नाही. आपल्यापुढे आलेला प्रत्येक कागद मास्तरांकडूनच आलेला असतो, असं त्यांच्या हातानं धरून टाकलं होतं.

आणि बारकीचं शिफारसपत्र हा त्या विभागातला असा पहिलाच कागद होता, जो मास्तरांच्या टेबलावरून गेला नाही.

शाळेच्या अर्जाला वरिष्ठाचं शिफारसपत्र लागतं. बारकी साहेबांकडे गेली तेव्हा ते फोनवर होते. त्यांनी फोनवर हात ठेवला आणि म्हणाले, की तूच लिही, तुझ्याबद्दल माझ्यापेक्षा तुलाच जास्त माहिती, मी सही करतो. ह्यात कुणाला काही वावगं वाटलं नाही. ह्या धंद्यात ती रीतच आहे. आपली पाठ आपणच थोपटायची आणि हात साहेबांचा म्हणायचा.

मास्तरांना कळलं तेव्हा ते खूश झाले. शाळेचा अर्ज म्हटल्यावर त्यांच्यातला जुना मास्तर जागा झाला असावा. म्हणाले, की हे काही खायचं काम नाही, नीट वेळ घेऊन लिही, तोवर तुझ्या फायली इकडे टाक. आणि खरोखरच तीन आठवडे त्यांनी बारकीच्या फायली केल्या. आपलं काम सांभाळून वर हिचं. रोज तासभर उशिरा घरी जायचे. बारकी सकाळी आल्या आल्या त्यांना सांगायची, "मास्तर, पाचवा खर्डा." मग सातवा, मग नववा. मास्तर म्हणायचे, "होऊ दे. घाईत लिहिलेलं पत्र आणि घाईत घातलेला शर्ट, दोन्हीची बटणं चुकतात."

पत्रातला दुसरा प्रश्न असा होता, की उमेदवारानं आपल्यापेक्षा वरिष्ठ माणसाची चूक त्याच्या निदर्शनास आणून दिली, असा एखादा प्रसंग सांगा. आता अडीच वर्षांच्या नोकरीत असा प्रसंग आणायचा कुठून? तिच्याकडे होता तो नेमका उलटा प्रसंग.

झालं होतं असं. एका खोके बनवणाऱ्या कारखान्याची फाइल बारकीकडे होती. त्या कारखान्यानं मागच्या वर्षी आपलं एक जुनं यंत्र विकलं होतं. त्याची रक्कम बारकीनं खोक्यांच्या विक्रीतच धरली आणि पुढची पाच वर्षं तेवढीच विक्री होत राहील असा अंदाज मांडला. कागदावर कारखाना गुटगुटीत दिसायला लागला. समितीनं कर्ज दिलं असतं, आणि वर्षभरात त्या कारखानदाराचे हप्ते थकून त्याच्या दाराला कुलूप लागलं असतं. मास्तरांनी त्या आकड्याभोवती गोल काढला आणि समासात एक वाक्य लिहिलं. ते समासात सहसा काही लिहीत नसत. "यंत्र एकदाच विकता येतं." मग त्यांनी बारकीला शेजारी बसवून सगळा तक्ता पुन्हा करून घेतला, आणि झाल्या गोष्टीची वाच्यता कुठंही केली नाही. टिपण तिच्याच नावानं समितीत गेलं आणि समितीनं तिचंच कौतुक केलं. बारकीला इतकं भरून आलं होतं, की तो गोल काढलेला कागद तिनं घरी नेऊन कपाटात जपून ठेवला.

हे सगळं तिनं पहिल्या खर्ड्यात जसंच्या तसं लिहिलं होतं. चूक माझी, पकडली मास्तरांनी, मी शिकले. भाऊजींनी ते वाचलं आणि चष्मा कपाळावर चढवला.

"गोष्ट झकास आहे," ते म्हणाले. "फक्त तू चुकीच्या बाजूला उभी आहेस. उलटी कर."

"म्हणजे? चूक मास्तरांची म्हणू?"

"नाव कोण लिहितंय? ‘एक वरिष्ठ सहकारी’ म्हण. कुणाला काय कळतंय!"

आता सगळं खापर भाऊजींच्या डोक्यावर फोडणं सोपं आहे, आणि बारकीनंही पुढं काही दिवस ते करून पाहिलं. पण भाऊजींनी नुसतं दार दाखवलं होतं, आत ती आपल्या पायांनी गेली. गोष्ट पहिल्यांदा उलटी केली तेव्हा तिचे कान तापले होते. चौथ्या खर्ड्याला ती स्वल्पविराम हलवत होती. सातव्या खर्ड्यापर्यंत तिला तो प्रसंग तसाच आठवायला लागला: ती शांतपणे बोलतेय, मास्तर मान डोलावतायत. आणि अकराव्या खर्ड्यात "पंधरा वर्षांचा अनुभव असलेल्या, पडताळणीचं काम पाहणाऱ्या वरिष्ठ सहकाऱ्याला तिनं अत्यंत नम्रपणे सांगितलं, की यंत्र एकदाच विकता येतं" हे वाक्य वाचून तिला स्वतःच्या नम्रपणाचा अभिमान वाटला. ज्या माणसानं तिकडे तिच्या फायली उरकल्या, त्याचंच वाक्य काढून इकडे तिनं आपल्या तोंडात घातलं होतं. ह्याला काय म्हणायचं ते ज्यानं त्यानं म्हणावं.

साहेबांनी फोन कानाला लावूनच सही केली. अर्ज गेला. मुलाखत झाली. मग एके दिवशी शाळेतून साहेबांना फोन आला. एक बाई फार अदबीनं बोलत होत्या. म्हणाल्या, की तुमच्या पत्रातला तो यंत्राचा प्रसंग आमच्या सगळ्यांना फार आवडला, त्याबद्दल थोडं आणखी सांगाल का. आपण सही केलेलं पत्र आपण वाचलेलं नाही, हे कबूल करणाऱ्यांतले साहेब नव्हते. त्यांनी घाईघाईनं पत्र उघडलं, फोनवरच डोळ्यांखालून घातलं आणि हो हो, अगदी असंच घडलं, असं ठणकावून सांगितलं. फोन ठेवल्यावर त्यांनी ते पुन्हा सावकाश वाचलं. विभागात माणसं सहा. त्यांत जुना अनुभवी आणि पडताळणीवाला माणूस एकच. ‘एक वरिष्ठ सहकारी’ कोण, हे शोधायला काही गुप्तहेर लागत नव्हता. आणि आपण सही केली म्हणजे ते खरंच असणार, ह्याबद्दल साहेबांच्या मनात शंका नव्हती.

प्रवेश मिळाल्याचं पत्र आलं त्या दिवशी साहेबांनी सगळ्यांना आपल्या खोलीत बोलावून चहा-बिस्किटं दिली. भाषणही केलं. म्हणाले, "आपल्या बारकीचं एक वाक्य सगळ्यांनी टेबलावर लावून ठेवा. यंत्र एकदाच विकता येतं."

मास्तर खिडकीपाशी कागदी कप घेऊन उभे होते. त्यांनी बारकीकडे पाहिलं. बारकीनं चहात पाहिलं. सगळ्यांबरोबर मास्तरांनीही टाळ्या वाजवल्या, आणि बाहेर पडताना तिला हळूच म्हणाले, "माझं वाक्य ढापलंस की गं! असू दे, असू दे. मास्तरचं काहीतरी पोरांनी न्यायचंच असतं." आणि हसत हसत जागेवर गेले. त्यांना वाटलं, चोरी तेवढीच आहे.

घरी आईचं सगळ्या बिल्डिंगला सांगून झालं होतं. ताईचा फोन, मावशीचा फोन. भाऊजींनी तीन मुद्द्यांत अभिनंदन केलं. बारकी सगळ्यांना हसून हो हो म्हणत होती आणि फोन लवकर आईकडे देत होती.

पुढच्या सोमवारी साहेबांनी मास्तरांना आत बोलावलं. दहा मिनिटांत मास्तर बाहेर आले, पेन्सिल खिशात खोचली, आणि टेबलाचे खण रिकामे करायला लागले. पडताळणी त्यांच्याकडून काढून घेतली होती. इथून पुढं ज्यानं त्यानं शेजाऱ्याचं टिपण तपासायचं, आणि मास्तरांनी मागच्या खोलीत बसून जुन्या फायली लावायच्या. का, ते कुणाला सांगितलं नाही. कुणी म्हणालं, निवृत्ती जवळ आली. कुणी म्हणालं, वय. खरं कारण बारकीला लगेच कळलं. तरी ती खुर्चीला धरून बसून राहिली.

तीन दिवस तिनं मागच्या खोलीकडे जायचं टाळलं. चौथ्या दिवशी एक जुनी फाइल लागलीच, आणि दुसरं कुणी आणून देईना. खोलीत एक ट्यूबलाइट, छताला टेकलेली लोखंडी कपाटं, आणि मधोमध स्टुलावर मास्तर. भोवती जमिनीवर फायली उघड्या पडल्या होत्या. मास्तर आपल्याच जुन्या हिरव्या खुणांवरून बोट फिरवत होते.

"लावताय ना फायली?" तिनं काहीतरी बोलायचं म्हणून विचारलं.

"लावतोय कसल्या, शोधतोय." त्यांनी चष्मा काढला. "साहेब म्हणाले, तुमची एक गंभीर चूक माझ्या कानावर आलीय. कुठली ते सांगेनात. विश्वासातली बाब म्हणे. मग मीच बघतोय. ह्या वर्षीच्या झाल्या, मागच्या वर्षीच्या निम्म्या झाल्या. रोज वीस होतात."

"किती वर्षांच्या बघणार आहात?"

"सापडेपर्यंत. डोळे पण तपासून आलो. नंबर तोच आहे." मग त्यांनी तिच्याकडे पाहिलं. "बारके, तुझ्या फायली माझ्याकडे सगळ्यात जास्त यायच्या. तुला काही आठवतंय का? माझ्या नजरेतून काही सुटलं होतं का? लाजू नकोस, सांग."

लाजू नकोस, असं तिला मास्तर सांगत होते. बारकीला मेल्याहून मेल्यासारखं झालं. "नाही मास्तर, नाही आठवत," एवढं बोलून ती फाइल न घेताच बाहेर आली, आणि पाणी पिण्याच्या जागी जाऊन नळ सोडून नुसती उभी राहिली.

त्याच दुपारी ती साहेबांकडे गेली. आपण सगळं सांगायचं असं तिनं पक्कं ठरवलं होतं. पण पक्कं ठरवलेलं, माणूस दाराबाहेर असेपर्यंतच पक्कं राहतं. आत गेल्यावर ती म्हणाली, की पत्रातलं ते यंत्राचं जे आहे, ते तसं अगदी तसंच नव्हतं. साहेबांनी ह्या खेपेला फोन खाली ठेवला.

"हे बघ, त्याच्यावर माझी सही आहे," ते म्हणाले. "मी फोनवर हो म्हटलंय. आता तू खोटं म्हणालीस तर मी खोट्यावर सही केली असं होतं. विचार करून बोल. खोटं होतं का?"

"नाही," बारकी म्हणाली. "म्हणजे थोडं वाढवून लिहिलं होतं."

"मग वाढवतातच सगळे. दोन महिन्यांत तू जाशील, कशाला नसतं उकरून काढतेस? जा, तयारीला लाग."

ती बाहेर आली आणि तिला हायसं वाटलं. खरं सांगायचं तर फार हायसं वाटलं. मी प्रयत्न केला, त्यांनीच ऐकलं नाही, असं म्हणता येत होतं. हे हायसं वाटणं जागेवर जाऊन बसेपर्यंत टिकलं. मग तिला त्या हायसं वाटण्याचीच एवढी लाज वाटली, की समोरच्या पडद्यावरचे आकडे दिसेनात.

शनिवारी आई तिचं कपाट आवरायला बसली. आता पोरगी जाणार, तर काय न्यायचं आणि काय टाकायचं ते वेगळं करावं म्हणून. तिच्या हाताला तो खोक्यांच्या कारखान्याचा कागद लागला. "हे काय गं, गोल काढलेलं? रद्दीत घालू?" आईनं विचारलं. बारकीनं तो कागद हातातून जवळजवळ ओढून घेतला. हिरवा गोल थोडा पुसट झाला होता. समासातलं वाक्य मात्र स्पष्ट होतं, खाली तारीख होती, आणि मास्तरांचं आद्याक्षर.

सोमवारी जेवणाच्या सुट्टीत ती मागच्या खोलीत गेली. तोंडानं सांगणं तिला जमणार नव्हतं, हे तिला आता ठाऊक झालं होतं. तिनं शिफारसपत्राची प्रत मास्तरांच्या मांडीवर ठेवली आणि म्हणाली, "मास्तर, हे तपासायचं राहिलं होतं."

मास्तरांनी सवयीनं पेन्सिल काढली. पहिला परिच्छेद: ही अडीच वर्षं इथं काम करते. खूण. हिनं इतकी टिपणं केली. खूण. वेळेवर येते. त्यांनी तिच्याकडे पाहिलं, जरा हसले, आणि खूण केली. मग ते दुसऱ्या प्रश्नावर आले. पेन्सिल थांबली. ते वाचत राहिले. एकदा वाचलं, मग मागं जाऊन पुन्हा वाचलं. बारकी दाराला पाठ लावून उभी होती. आता हे ओरडतील, असं तिला वाटत होतं, आणि ओरडले तर बरं होईल, असंही वाटत होतं.

मास्तरांनी मोठा श्वास सोडला. "म्हणजे ही ती चूक होय," ते म्हणाले. "मग माझी चूक नाहीच की." आणि त्यांच्या चेहऱ्यावर खरोखर सुटका झाल्यासारखं दिसलं. त्यांनी जमिनीवरची एक उघडी फाइल पायानं हळूच मिटली. "आठ दिवस मी स्वतःवर संशय घेतोय, बारके. बायकोला सांगितलं, की आता मला दिसत नाही."

बारकी रडायला लागली. मास्तरांनी तिला गप्प केलं नाही. ते पुन्हा पत्राकडे वळले, ‘पंधरा वर्षांचा अनुभव’ ह्यातल्या पंधराभोवती गोल काढला आणि वर ‘सतरा’ लिहिलं. बाकीचा परिच्छेद त्यांनी तसाच ठेवला. गोल नाही, खूण नाही. सगळ्या ओळी कोऱ्या.

"ह्याला कागद नाही," ते म्हणाले आणि पत्र परत दिलं.

बारकीनं पिशवीतून तो जुना कागद काढला. मास्तरांनी तो घेतला, उजेडाकडे धरून आपलंच अक्षर वाचलं, आणि तोही तिला परत दिला.

"जपून ठेवला होतास," ते म्हणाले. "मग आता तो कशाला जोडायचा ते तूच ठरव. मी नाही सांगणार."

पुढं काय झालं ते इथंच सांगून टाकलेलं बरं, नाहीतर वाचणाऱ्याचा जीव उगाच टांगणीला. शाळेतली जागा गेली. चार ओळींचं उत्तर आलं. अदबीचं होतं, पण जागा गेली ती गेलीच. आईनं ज्या ज्या दारात बातमी दिली होती त्या त्या दारात तिला पुन्हा जावं लागलं, आणि ती बारकीला एका शब्दानं बोलली नाही, हे बारकीला बोलण्यापेक्षा जड गेलं. भाऊजी म्हणाले, हात दाखवून अवलक्षण, झाकली मूठ झाकलेलीच ठेवायची असते. तिसरा मुद्दा मात्र त्यांना सापडला नाही. साहेबांनी मास्तरांचं टेबल गुपचूप जागेवर आणवलं. माफीबिफी काही मागितली नाही. पंधरा दिवस ते प्रत्येक कागद वाचून सही करत होते, मग पुन्हा डोळे मिटले. आणि बारकीशी त्यांनी बोलणं ठेवलं ते फक्त कागदावर.

पण हे नंतरचं. त्याआधी खरं काय घडलं ते सांगणारं पत्र लिहायचं होतं, शाळेला, आणि त्याची प्रत साहेबांना. दुसऱ्या दिवशी सकाळी ऑफिसात कुणी यायच्या आत ती बसली. ह्या खेपेला एकच खर्डा झाला. चूक माझी होती. ती ह्या सहकाऱ्यांनी पकडली. वाक्यही त्यांचं आहे. शिफारसपत्र मीच लिहिलं, वरिष्ठांनी विश्वासानं सही केली. सोबत मूळ कागद जोडला आहे. आणि मध्ये एक वाक्य असं, की हा प्रसंग मी घाईत उलटा लिहिला, त्याबद्दल मला लाज वाटते.

पत्र आणि जुना कागद घेऊन ती मागच्या खोलीत गेली. मास्तरांनी स्टुलावर जागा केली, कागद डाव्या हाताला ठेवला, पत्र उजव्या हाताला. एकेक ओळ जुळवत ते खाली आले. चूक माझी होती, खूण. पकडली त्यांनी, खूण. वाक्य त्यांचं, खूण. लाज वाटते, ह्यालाही त्यांनी खूण केली. त्याला कुठला कागद होता कोण जाणे. मग ते थोडे वर गेले आणि एका शब्दाभोवती गोल काढला. ‘घाईत.’

टोकयंत्र काढून पेन्सिलीला टोक करत बसले.

बारकी त्या गोलाकडे बघत राहिली. पाचवा खर्डा मास्तर, सातवा खर्डा मास्तर, असं रोज सकाळी कोण सांगत होतं? तीन आठवडे तासभर उशिरा घरी कोण जात होतं? आपण लाज वाटते असं लिहिलं, आणि त्याच ओळीत लाज झाकायला एक चिंधी ठेवली, हे तिला तेव्हा कळलं. तिचे कान तापले, पहिल्या उलट्या खर्ड्याला तापले होते तसेच.

ती जागेवर गेली. तो शब्द काढला. त्या जागी लिहिलं, की हे मी तीन आठवडे घेऊन, अकरा वेळा लिहून, पूर्ण शुद्धीत केलं. आणि खाली आणखी एक ओळ लिहिली: त्या तीन आठवड्यांत माझ्या वाट्याचं सगळं काम ह्याच सहकाऱ्यांनी केलं.

मास्तरांनी ते पुन्हा पहिल्या ओळीपासून वाचलं. शेवटच्या ओळीवर पेन्सिल बराच वेळ थांबली. मग ते उठले, कपाटातून त्या तीन आठवड्यांच्या फायली काढल्या, बारकीचं नाव आणि आपलं अक्षर असलेल्या, आणि तारखा एकेक करून पाहिल्या. कागद होते. त्यांनी खूण केली.